शाळेतील हिंसेवर उपाय शोधताना किशोरवयीन विद्यार्थ्यांना सोबत कसे घ्यावे

शाळेतील मारामारी, दमदाटी, चिडवणे आणि छळ यांपैकी बराचसा भाग शिक्षकांच्या नजरेआड घडतो. स्वच्छतागृहाच्या दारापाशी, सायकल स्टँडवर, व्हॅनच्या मागच्या सीटवर, शिकवणीच्या रस्त्यावर आणि रात्री मोबाइलवर तो चालू असतो. विद्यार्थ्यांच्या नजरेआड मात्र तो क्वचितच असतो. कोणाचा ‘मॅटर’ कोणाशी झाला, शाळा सुटल्यावर कुठे गाठायचे ठरले आहे आणि कोणत्या स्टेटसवरून खुन्नस सुरू झाली, हे वर्गातल्या निम्म्या मुलांना दुपारपर्यंत ठाऊक झालेले असते, आणि मुख्याध्यापकांपर्यंत ते पोहोचते तेव्हा बहुधा कोणाचे तरी डोके फुटलेले असते. युनेस्कोच्या २०१९ च्या जागतिक अहवालानुसार जवळपास तीनपैकी एका विद्यार्थ्याने मागील महिन्याभरात शाळेत सोबत्यांकडून किमान एकदा छळ सोसला होता. टोरंटोमधील शाळांच्या मैदानांवर झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात असे आढळले की, पाहणाऱ्या मुलांपैकी कोणी मध्ये पडले, तर निम्म्याहून अधिक प्रसंगी छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. म्हणजे माहितीही मुलांकडे आहे आणि प्रसंग थांबवण्याची ताकदही बऱ्याच अंशी मुलांकडेच आहे. तरीही आपल्याकडे या विषयावरची बैठक भरते, तेव्हा तिथे एकही विद्यार्थी नसतो.

नागपूर शहर आणि परिसरातील माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि शिक्षक-पालक संघाचे सदस्य यांच्यासाठी, विद्यार्थ्यांचाच एक गट उभा करून हे काम कसे करावे, याचे हे मार्गदर्शन लिहिले आहे. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे पहिल्या सत्रात हाताशी असणारे आठवडे कमी असतात, हे लक्षात घेऊन कामाची आखणी उन्हाळ्याच्या सुट्टीतच झालेली बरी.

मोठ्यांनी आधी आपसांत काय ठरवावे

पहिली गोष्ट शिक्षकांच्या स्वतःच्या वागण्याची आहे. गणित चुकले म्हणून ज्या शाळेत हातावर पट्टी बसते, त्या शाळेला मुलांना ‘हात न उचलता भांडण सोडवा’ असे सांगण्याचा अधिकार उरत नाही, आणि मुले ते ओळखतात. शिक्षण हक्क अधिनियम २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केलेली आहे. हा कायदा चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असला, तरी नववी-दहावीतील मुलांना मारण्याची मोकळीक त्यातून मिळत नाही, कारण अठरा वर्षांखालील कोणत्याही बालकाशी त्याचा ताबा असणाऱ्या व्यक्तीने केलेली क्रूरता बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७५ खाली दंडनीय आहे. शाळेत मार चालू असेल, तर काम तिथून सुरू करावे. विद्यार्थ्यांचा गट त्यानंतर.

दुसरी गोष्ट म्हणजे विद्यार्थ्यांच्या गटाकडे काय कधीच सोपवायचे नाही, ते लेखी ठरवणे. लैंगिक अत्याचार, शस्त्र, गंभीर दुखापत, पैशांची खंडणी आणि आत्महत्येचा विचार हे विषय कोणत्याही मुलाने हाताळायचे नसतात. ते कळताच मोठ्यांकडे यायला हवेत. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम २०१२ च्या कलम १९ नुसार असा अपराध घडल्याची किंवा घडण्याची शक्यता ज्याला कळते, त्याने ती माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. माहिती दडपणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो, मात्र बालकाला ही शिक्षा लागू होत नाही. ‘शाळेचे नाव खराब होईल’ या विचाराला इथे जागाच नाही. चाइल्डलाइनचा १०९८, तातडीच्या मदतीचा ११२ आणि मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६ हे क्रमांक प्रत्येक वर्गात आणि स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावावेत, कारण मुले ते एकटी असतानाच वाचतात. तक्रारपेटी आणि विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती शासन निर्णयांनुसार शाळेत असणे अपेक्षितच आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर शाळांना त्याची पुन्हा आठवण करून देण्यात आली. विद्यार्थ्यांचा गट या समितीची जागा घेत नाही. गटाला जे कळते आणि त्याच्या आवाक्याबाहेरचे असते, ते समितीकडे जाते.

तिसरी गोष्ट मी सर्वांत महत्त्वाची मानतो. गटाने मांडलेल्या प्रत्येक सूचनेला मुख्याध्यापक पंधरा दिवसांत लेखी उत्तर देतील, असे शाळेने पहिल्याच दिवशी जाहीर करावे. उत्तर ‘हो, अमुक तारखेपर्यंत’ असू शकते किंवा ‘नाही, कारण असे’ असू शकते. ‘बघू’ हे उत्तर मात्र असू शकत नाही. मुलांच्या सहभागाचा अभ्यास करणारे रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली आणि तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना सहभाग मानण्यास नकार दिला. मुलांना पुढे करून आपले म्हणणे वदवून घेणे, त्यांना शोभेसाठी व्यासपीठावर बसवणे आणि नावापुरते मत विचारणे या त्या तीन पायऱ्या. आपल्याकडचे बहुतेक ‘विद्यार्थी मंडळ’ याच तीन पायऱ्यांवर अडकलेले दिसते. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचे कलम १२ मुलाचे मत ऐकण्याबरोबरच त्या मताला वय व समज पाहून योग्य वजन देण्याची अपेक्षा ठेवते, आणि भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली आहे. पंधरा दिवसांचे उत्तर हे त्या वजनाचे व्यवहारातले रूप आहे.

याच टप्प्यावर दोन समन्वयक नेमावेत, त्यांपैकी एक महिला असावी. शिस्त समितीचे प्रमुख किंवा ज्यांचा धाक आहे असे पर्यवेक्षक या कामासाठी योग्य नाहीत; मुले ज्यांच्याकडे आपणहून जातात, ते शिक्षक घ्यावेत, मग ते क्रीडाशिक्षक असोत वा ग्रंथपाल. बाहेरची मदत हवी असेल, तर नागपुरात तिरपुडे समाजकार्य महाविद्यालय आणि मातृ सेवा संघाचे समाजकार्य महाविद्यालय आहे. समाजकार्याचे विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी संस्थांमध्ये जात असतात, त्यामुळे सत्राच्या सुरुवातीलाच रीतसर पत्र दिल्यास गटचर्चा घेणे जाणणारी तरुण माणसे मिळू शकतात. पालकांना मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत पत्र पाठवून संमती घ्यावी, कारण उत्तर नागपूर असो वा कळमन्याचा परिसर, अनेक घरांत मराठी वाचली जात नाही.

गट कसा निवडावा

इथे बहुतेक शाळा चुकतात. वर्गप्रमुख, पहिल्या क्रमांकाचे विद्यार्थी आणि वक्तृत्व स्पर्धेतली मुले एकत्र केली की गट झाला, असे मानले जाते. पण त्या मुलांचे ऐकून मागच्या बाकावरचा मुलगा आपले वागणे बदलत नाही. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या ५६ शाळांमध्ये २०१२-१३ या शैक्षणिक वर्षात एक मोठा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात विद्यार्थ्यांच्या लहान गटांनी आपल्याच शाळेतील भांडणांचे प्रकार हेरले आणि त्यांविरुद्धचे उपक्रम स्वतः आखले. ज्या शाळांत हे गट होते, तिथे विद्यार्थ्यांमधील संघर्षाच्या शिस्तभंग नोंदी वर्षभरात इतर शाळांच्या तुलनेत सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाल्या. गटात इतर मुलांचे लक्ष ज्यांच्याकडे असते असे विद्यार्थी जितके अधिक, तितका परिणाम मोठा होता. ही मुले शिक्षकांनी निवडलेली नव्हती, आणि ती सगळी गुणी असावीत असा आग्रहही नव्हता.

ती शोधण्याची रीत साधी आहे. आठवी ते दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक चिठ्ठी द्यावी आणि गेल्या काही आठवड्यांत शाळेत किंवा शाळेबाहेर ज्यांच्यासोबत त्याने वेळ घालवला, अशा शाळेतील जास्तीत जास्त दहा जणांची नावे लिहायला सांगावे. ‘तुझा आवडता विद्यार्थी कोण’ असे विचारू नये, कारण मग उत्तरे शिक्षकांना आवडतील अशी येतात. ज्यांची नावे सर्वाधिक वेळा येतील, ती मुले वेगवेगळ्या टोळक्यांतून निवडावीत. कोणाला किती चिठ्ठ्यांत स्थान मिळाले हे कोणालाही, त्या मुलालासुद्धा, सांगू नये. मोजणी दोन समन्वयकांनीच करावी आणि चिठ्ठ्या नष्ट कराव्यात, कारण कोणाचेच नाव लिहिले न गेलेले मूलही त्यांतून उघड होते.

चारशे-पाचशे मुलांच्या शाळेसाठी वीस ते पंचवीस जणांचा गट पुरतो. त्यात मुली निम्म्या असाव्यात. ज्यांच्यावर मारामारीच्या नोंदी आहेत, अशा दोन-तीन मुलांना आवर्जून घ्यावे. भांडण कसे पेटते हे त्यांच्याइतके कोणाला कळत नाही. त्याचबरोबर एकटे राहणारे, दिव्यांग, शहरात नव्याने आलेले, हिंदी किंवा छत्तीसगढी बोलणारे विद्यार्थीही असावेत. जात, रंग, वस्तीचे नाव आणि बोलण्याची ढब यांवरून होणारे चिडवणे हा आपल्या शाळांतील छळाचा मोठा भाग आहे, आणि तो सोसणारे मूल गटात नसेल, तर ते चिडवणे ‘मस्करी’ म्हणून सोडून दिले जाते.

ऐकण्याचे काम

गटाच्या पहिल्या दोन-तीन बैठका उपायांवर बोलण्यासाठी नसाव्यात. आधी शाळेची निनावी पाहणी करावी. प्रश्न गटानेच लिहावेत आणि समन्वयकांनी फक्त एक नियम पाळायला लावावा, तो म्हणजे कोणाचेही नाव विचारायचे नाही. गेल्या महिन्याभरात काय घडले, कुठे घडले, कोणत्या वेळी घडले, पाहणाऱ्यांनी काय केले, कोणाला सांगितले आणि सांगितल्यावर काय झाले, एवढे विचारले की पुरे. शेवटचा प्रश्न शाळेला झोंबणारा असतो, म्हणून तो गाळला जाण्याची शक्यता सर्वाधिक असते. तो गाळू देऊ नये. उत्तरे लिहिताना मुलांना अंतरावर बसवावे, आणि कागद गोळा करण्याचे काम वर्गशिक्षकांनी न करता गटातील विद्यार्थ्यांनी बंद खोक्यात करावे. एखाद्या कागदावर गंभीर प्रसंग लिहिलेला आढळल्यास तो समन्वयकांकडून त्याच दिवशी पुढे जाईल, हे पाहणी सुरू होण्याआधी सर्वांना सांगितलेले असावे. गुप्ततेची मर्यादा मागाहून सांगणे म्हणजे विश्वासघातच.

यानंतर नकाशा. ड्रॉइंग शीटवर शाळेचा आराखडा काढावा: फाटक, मैदान, जिना, पाण्याचे नळ, स्वच्छतागृहे, सायकल स्टँड, व्हॅन आणि ऑटो थांबण्याची जागा, फाटकाबाहेरची टपरी, ‘आपली बस’ या शहर बससेवेचा थांबा, शिकवणीकडे जाणारा रस्ता. कागदाच्या एका कोपऱ्यात मोबाइलसाठीही एक चौकट असावी, कारण व्हॉट्सॲप गट आणि इन्स्टाग्राम ही आज शाळेचीच आवारे झाली आहेत. जिथे भीती वाटते तिथे लाल, जिथे सुरक्षित वाटते तिथे हिरवी टिकली लावायची आणि शेजारी वेळ लिहायची. मुलामुलींनी हे काम वेगवेगळ्या खोल्यांत करावे आणि नंतर दोन्ही नकाशे शेजारी ठेवावेत. मुलांना सर्वांत सुरक्षित वाटणारा जिना मुलींच्या नकाशावर लाल असू शकतो, आणि चर्चेला खरी सुरुवात तिथूनच होते. हा नकाशा भिंतीवर लावू नये. ज्या जागा लाल निघाल्या, तिथे समन्वयकांनी त्या-त्या वेळी स्वतः जाऊन उभे राहावे आणि काय दिसते ते गटाला सांगावे.

एकच प्रश्न निवडून मुळाशी जाणे

पाहणीतून दहा-बारा प्रश्न पुढे येतील. पहिल्या सत्रासाठी त्यांतला एकच, फार तर दोन घ्यावेत. मुलांना उपाय विचारला की पहिले उत्तर बहुधा आपणच त्यांना शिकवलेले असते, म्हणजे कॅमेरे लावा आणि शिक्षा कडक करा. कॅमेऱ्याची गरज काही जागी असतेच, पण गटाला तिथे थांबू देऊ नये आणि प्रत्येक कारणामागचे कारण विचारत जावे. समजा, मधल्या सुट्टीत नळापाशी रोज धक्काबुक्की होते. का, तर मोठी मुले रांग मोडतात. रांग का मोडतात, तर सुट्टी संपायच्या आत पाणी मिळत नाही. पाणी का मिळत नाही, तर सगळ्या वर्गांची सुट्टी एकाच वेळी होते आणि चालू नळ दोनच आहेत. इथपर्यंत आले की उपाय नळ दुरुस्त करण्याचा आणि सुट्टीची वेळ दोन भागांत विभागण्याचा निघतो, आणि ‘दादागिरी करणारी मुले’ ही नोंद निम्मी आपोआप गळते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उकाड्यात नागपूरच्या शाळेत पाण्याची रांग ही किरकोळ बाब राहत नाही.

निघालेले उपाय तीन भागांत वाटावेत: विद्यार्थी स्वतः करू शकतील असे, शाळेने करायचे असे, आणि बाहेरच्या यंत्रणेकडे मागायचे असे. फाटकाबाहेर टवाळांचा घोळका जमत असेल, तर तो मुलांनी हटवायचा नाही. त्यासाठी शाळेने पोलीस ठाण्याला आणि गरज पडल्यास महिला व मुलांच्या मदतीसाठी असलेल्या पोलिसांच्या भरोसा सेलला पत्र द्यावे. पत्राचा मसुदा मात्र गटाने लिहावा आणि त्याची पोच गटाला दाखवावी. वर म्हटलेली पंधरा दिवसांची मुदत या क्षणापासून मोजायची.

पाहणाऱ्यांनी काय करावे, याचा सराव

या संपूर्ण कामात माझा सर्वाधिक विश्वास ज्या टप्प्यावर आहे, तो हा. भांडणाभोवती कोंडाळे करून ‘हाण बे’ म्हणणारी मुले क्रूर असतात असे नाही. त्या क्षणी दुसरे काय करायचे, हे त्यांना कोणी करून दाखवलेले नसते. ‘धाडसाने पुढे या’ हा उपदेश इथे कुचकामी आहे, धोकादायकही आहे. सराव करायच्या कृती लहान असाव्यात: न हसणे, कोंडाळ्यातून बाहेर पडून आणखी दोघांना बाहेर ओढणे, ज्याला त्रास दिला जात आहे त्याला ‘चाल, सर बोलावून राहिले’ असे म्हणून तिथून घेऊन जाणे, दोघांनी मिळून जवळच्या शिक्षकाकडे जाणे, आणि नंतर, सगळे पांगल्यावर, त्या मुलाशेजारी जाऊन बसणे. ही शेवटची कृती सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित आहे, आणि छळ सोसणाऱ्या मुलाला तिचाच आधार जास्त वाटतो. शस्त्र दिसले, बाहेरची मोठी मुले असली किंवा संख्या जास्त असली, तर मध्ये पडायचे नाही, लांब जाऊन मोठ्यांना बोलवायचे, हा नियम अपवादाविना पाळायचा.

सराव अभिनयातून करावा आणि संवाद मुलांच्याच बोलीत असावेत. पुस्तकी वाक्ये मैदानावर कोणाच्या तोंडी येत नाहीत. गटाने हे प्रसंग आधी आपसांत बसवावेत, नंतर खालच्या वर्गांत जाऊन करून दाखवावेत आणि पाहणाऱ्या मुलांपैकी कोणालाही उठून प्रसंग बदलून दाखवण्याची मुभा द्यावी.

मोबाइलसाठी वेगळा सराव लागतो. भांडणाचा व्हिडिओ काढायचा नाही आणि आलाच तर पुढे पाठवायचा नाही. धमकी किंवा अपमानाचा संदेश असेल, तर स्क्रीनशॉट ठेवून मोठ्यांना दाखवायचा. मात्र अल्पवयीन मुलाचे किंवा मुलीचे अश्लील चित्र असेल, तर ते पुरावा म्हणूनसुद्धा कोणालाही पाठवायचे नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६७ब खाली तो गुन्हा आहे. अशा वेळी फोन घेऊन थेट समन्वयकांकडे जायचे. पुढची तक्रार मोठ्यांनी करायची.

समेट कुठे करावा आणि कुठे करू नये

बरोबरीच्या दोन मुलांत क्रिकेटवरून किंवा स्टेटसवरून वाजले असेल, तर गटातील दोघांनी दोन्ही बाजू ऐकून समेट घडवणे उत्तम. परंतु एक मूल दुसऱ्याला दिवसेंदिवस त्रास देत असेल आणि दुसऱ्याच्या हाती प्रतिकाराची ताकद नसेल, तर तो छळ आहे आणि तिथे समेटाची बैठक लावू नये. त्रास सोसणाऱ्याला त्रास देणाऱ्यासमोर बसवून ‘तू पण थोडे समजून घे’ म्हणणे हा त्याच्यावर झालेला दुसरा अन्याय ठरतो. छळाचे प्रकरण मोठ्यांनी हाताळावे, दोघांशी स्वतंत्रपणे बोलावे आणि त्रास थांबला की नाही याची आठवड्याने व महिन्याने विचारपूस करावी. जातिवाचक अपमानाच्या प्रकरणात तर विद्यार्थ्यांना मध्यस्थ करूच नये.

ज्यांच्या हातून त्रास होतो, त्या मुलांना परिपाठात उभे करून माफी मागायला लावू नये. त्यातून खुन्नस वाढते आणि बदला शाळेबाहेर घेतला जातो. त्या मुलाने झालेले नुकसान भरून काढण्यासाठी काय करता येईल, हे त्यालाच विचारावे. घरी किंवा वस्तीत त्याला मार बसत असेल, तर तेही याच संभाषणात कळते; मग समुपदेशकाची किंवा मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मनोविकृतिशास्त्र विभागाची मदत घेता येते.

तान्ह्या पोळ्याच्या सुमारास

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, महाल-इतवारीच्या रस्त्यांवरून मारबती आणि बडगे या पुतळ्यांची मिरवणूक निघते, आणि ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ही हाक इथल्या प्रत्येक मुलाच्या कानावर असते. समाजातील वाईट गोष्टींचे बडगे करण्याची ही परंपरा या कामासाठी फार उपयोगी आहे. गटाने शाळेत चिडवण्याचा, अफवेचा, भांडणाचे व्हिडिओ पसरवण्याचा बडग्या करावा आणि मैदानावर मिरवणूक काढावी. बडग्या कधीही व्यक्तीचा असू नये, कोणाचे टोपणनाव, कपडे किंवा चालण्याची ढब त्यात दिसू नये. याची तपासणी आदल्या दिवशी समन्वयकांनी स्वतः करावी. हा उपक्रम पाहणी आणि पहिली दोन-तीन उत्तरे झाल्यानंतरच घ्यावा, अन्यथा शाळेने मिरवणूकच तेवढी काढली असे मुले म्हणतील, आणि ते खरे असेल.

मोजणी आणि पुढच्या गटाकडे सोपवणे

तीच निनावी पाहणी, त्याच प्रश्नांसह, दिवाळीच्या सुट्टीनंतर आणि पुन्हा फेब्रुवारीत करावी. सुरुवातीच्या महिन्यांत तक्रारी वाढल्या, तर घाबरून काम बंद करू नये; पूर्वी न सांगितलेल्या गोष्टी मुले आता सांगू लागली, असाही त्याचा अर्थ असू शकतो. पाहणीत ‘घडले’ हा आकडा उतरत असेल आणि ‘सांगितले’ हा आकडा चढत असेल, तर दिशा बरोबर आहे. निष्कर्ष गटाने स्वतः शिक्षक-पालक संघाच्या सभेत मांडावेत.

दहावीची मुले जानेवारीनंतर परीक्षेत गुंततात, म्हणून गट मुळातच आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांकडे झुकलेला असावा आणि सोपवणूक डिसेंबरात व्हावी. एक साधी वही ठेवावी, तिच्यात सूचना, ती दिल्याची तारीख, उत्तर आणि उत्तराची तारीख असे चार रकाने असावेत. नव्या गटाने जूनअखेरच्या पहिल्या बैठकीत या वहीतील ‘नाही’ अशी उत्तरे मिळालेल्या सूचना आधी वाचाव्यात, ज्यांची कारणे आता उरलेली नाहीत त्या पुन्हा मांडाव्यात, आणि मुख्याध्यापकांनी त्यांना नव्याने, त्याच पंधरा दिवसांच्या मुदतीत उत्तर द्यावे.